मोहटेकची माहिती

पत्रक चार पानांचं. पहिला रकाना : गावाचं नाव.
ते सोपं होतं. मोहटेक.
दुसरा : क्षेत्रफळ. तिथेच पेन अडलं.

भादव्यात धरणाचं पाणी खोऱ्यातून मागे चढत येतं
आणि आमची टेकडी चारी बाजूंनी सुटी होते.
होडीशिवाय कुणाला येता येत नाही, बकरीलासुद्धा.
वैशाखात तेच पाणी उतरतं, तपकिरी गाळ उघडा पडतो,
टेकडीला पाय फुटतात, ती सातपुड्याला जाऊन चिकटते.
तर मोहटेक किती हेक्टर, साहेब?
कोणत्या महिन्यात?

मी तापीकाठचा. यावलकडे जमीन अशी सपाट
की बांधावर उभं राहून पाचव्या वावरातले केळीचे घड मोजावेत.
इथे रुजू झालो त्या दिवशी, गावातच उभा राहून
मी विचारलं होतं, गाव कुठं आहे?
रुमल्या पावराने हनुवटी उचलून दाखवलं :
त्या सोंडेवर एक घर, पलीकडच्या धारेवर एक,
नाल्यापल्याड धूर निघतोय ते तिसरं.
हाक पोचते तेवढं गाव.
पायांना दुपार लागते.

घरं मी एकसष्ट मोजली.
रुमल्या म्हणाला, बासष्ट.
तेरसिंगचं राहिलं ना, मास्तर.
तेरसिंग बायकापोरांसह सौराष्ट्रात भुईमूग उपटायला गेलेला.
मोहाखाली त्याचे खांब, कौलं, कुडाच्या गुंडाळ्या, दार,
वर पळसाची पानं, पानांवर दगड.
घर झोपवून गेलाय तो, आला की उभं करेल.
मी बासष्ट लिहिलं.

शाळेचा मधला खांबही असाच, सागाचा,
बुडालेल्या जुन्या गावातून खांद्यावर वर आलेला.
त्यावर कोयत्याच्या खुणा, पोरांच्या उंचीच्या,
ती पोरं आता म्हातारी.
तिसरीतली सायकी परवा त्याला पाठ लावून उभी राहिली
आणि आपल्या आजापेक्षा बोटभर उंच निघाली.
दिवसभर ती जमिनीला टेकली नाही.

मुख्य उत्पादन : आमचूर.
त्या दिवसांत उतारावरचा एकेक खडक कैरीच्या फोडींनी पांढरा,
वाऱ्यालाही आंबट वास,
सातचा पाढा म्हणताना अख्ख्या वर्गाचे दात आंबतात.
धडगावचा व्यापारी एका हाताने तोलतो,
दुसऱ्या हातात फोन.
त्याबद्दल पत्रकात काही विचारलेलं नाही.

फोन इथे अंजनाच्या झाडावर लागतो, दुसऱ्या फांदीवर.
दवाखाना गुरुवारी येतो, डिझेल असेल तर.
तो होडीतच असतो.
गेल्या पौषात वेस्तीबाई त्या होडीतच बाळंत झाली,
काठ अजून लांब, थंडीने नर्सबाईंचे हात आखडलेले,
पोरगी मात्र गरम, भाकरीसारखी.
दाखल्यावर जन्मस्थळ काय लिहायचं?
नर्सबाई म्हणाल्या, जलाशय लिहिते.
वल्हं धरलेला रुमल्या खाली वाकला,
पाण्यात बराच वेळ बघत राहिला,
मग दोन्ही काठांचे डोंगर बघितले, एक इकडचा, एक तिकडचा,
जसे आपण ओळखीचे खांब बघतो.
मोहटेक लिहा, म्हणाला.
आपण माझ्या बापाच्या अंगणावर आहोत.

क्षेत्रफळ मी पेन्सिलीने भरलं होतं.
तालुक्याने पत्रक परत पाठवलं : पेनाने भरावे.
चैत्र संपत आलाय. खाली पाणी रोज हातभर मागे सरकतंय
आणि रुमल्या त्याच्या मागोमाग
ओल्या गाळात काकडीचं बी टोचत चाललाय.
शिपायाला म्हटलं, बस जरा, पाणी पी.
तो कुठवर जातो ते बघू.